कॉलेजात आपलं कोण?



या अंकाचा विषय ठरवताना आमच्यात जोरदार भांडण झालं. निम्म्यांचं म्हणणं, काळ्यांच्या चळवळीवर अंक काढायचा तर मुखपृष्ठावर बंदूक पाहिजे, काळी टोपी पाहिजे, वर उगारलेली मूठ पाहिजे. मी म्हटलं, मूठ छापा. पण मूठ वळायला बळ कुठून आलं, ते आतल्या पानांत छापा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिनं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. घेतलं ते झकास केलं. पण त्या नावामागची एक साधी गोष्ट आपण पन्नास वर्षांत धड वाचलीच नाही. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ही दोन पोरं ऑकलंडच्या मेरिट कॉलेजात शिकत होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये पार्टी काढण्याआधी ती तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात होती, आमचा इतिहास आम्हाला शिकवा म्हणून कॉलेजशी भांडत होती. पुढं जानेवारी १९६९ मध्ये याच पार्टीनं ऑकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. बंदुकीचा फोटो आपल्यापर्यंत पोचला. नाश्त्याचा फोटो वाटेत कुठं गळाला कुणास ठाऊक.

म्हणून हा अंक कॉलेजातल्या संघटनेवर आहे. पोरगं पहिल्यांदा कॉलेजच्या फाटकातून आत जातं, तेव्हा आत त्याचं कोण असतं, एवढाच प्रश्न. मी हे बोर्डीत बसून लिहितोय. बोर्डीत का, ते पुढं येईल. आधी न्यूयॉर्क.

कोलंबियापासून सुरुवात करतो, कारण ते आपल्या बापाचं विद्यापीठ. बाबासाहेब तिथं १९१३ ते १९१६ होते. विद्यापीठ टेकडीवर. टेकडीच्या उतारावर मॉर्निंगसाईड पार्क, आणि पार्क उतरलं की हार्लेम, काळ्यांची वस्ती. वर ज्ञान, खाली माणसं. गावाची रचना आपल्याला ओळखीची वाटावी अशी. बाबासाहेबांनी ती पाहिली होती. जुलै १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं. काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केलाय, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती फार सारखी आहे, असं कळवलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढं केलेल्या अर्जाची प्रत मागितली. त्याच महिन्यात डू बॉईसचं उत्तर आलं. आणि त्याच्याही त्र्याहत्तर वर्षं आधी, १८७३ साली, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. म्हणजे हे नातं काही १९७२ ला मासिकातून उचललेलं नाही. जुनं आहे.

तर त्या कोलंबियात १९६४ साली काळ्या पोरांनी स्टुडंट्स आफ्रो-अमेरिकन सोसायटी काढली. काढली तेव्हा तिच्यात बंडबिंड काही नव्हतं. हजारो गोऱ्यांत मूठभर काळे. एकमेकांचं तोंड ओळखावं, वक्ते बोलवावेत, एकत्र बसावं, एवढाच मामला. आजच्या आपल्या भाषेत कुणीतरी म्हटलं असतं, ‘हे काय लेडीज भिशी चालवताय का?’

मग विद्यापीठानं व्यायामशाळा बांधायला घेतली. कुठं? मॉर्निंगसाईड पार्कात, शहराच्या सार्वजनिक जागेत. वरचा मोठा भाग विद्यार्थ्यांना, दरवाजा टेकडीवरून. खालचा थोडासा भाग हार्लेमच्या लोकांना, दरवाजा खालच्या बाजूनं, वेगळा. दोस्तांनो, हे आपल्याला समजावून सांगायला लागतं काय? गावात दोन पाणवठे. हॉटेलात वेगळी कपबशी. देऊळ बघायचं तर पायरीपासून. वेगळ्या दरवाजाचा वास आपल्या नाकाला लगेच येतो, आणि हार्लेमलाही आला.

२३ एप्रिल १९६८ ला विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली. गोरे आणि काळे एकत्र होते. रात्री काळ्या पोरांनी गोऱ्यांना सांगितलं, तुमचा पाठिंबा डोक्यावर, पण तुम्ही दुसरी इमारत धरा, ही आमची. गोरी पोरं गेली आणि त्यांनी दुसऱ्या इमारती धरल्या. काळ्यांच्या इमारतीत काय चाललं होतं? कामाच्या पाळ्या लागल्या होत्या, झाडलोट होत होती, सामानाची मोडतोड करायची नाही असं ठरलेलं. आणि जेवण? जेवण खालून येत होतं, हार्लेममधून. विद्यापीठाच्या फाटकात ज्या वस्तीला किंमत नव्हती, त्या वस्तीनं आपल्या पोरांचा डबा वर पोचवला.

३० एप्रिलला पहाटे पोलीस आले. बाकीच्या इमारतींतून पोरांना फरफटत काढलं, डोकी फोडली. हॅमिल्टन हॉलमधली काळी पोरं मात्र रांगेत, ताठ मानेनं बाहेर आली, अटक झाली, आणि मार खाल्ला नाही. पोलिसांना दया आली असेल असं समजू नका. त्याच महिन्याच्या ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता, शहरं पेटली होती, आणि टेकडीखाली हार्लेम जागं होतं. या पोरांना हात लावला तर खालून काय वर येईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पार्कात ती व्यायामशाळा पुढं झालीच नाही.

मला यातलं ताब्याचं नाट्य फार महत्त्वाचं वाटत नाही. मला ती आधीची चार वर्षं महत्त्वाची वाटतात. चार वर्षं एकमेकांची नावं ठाऊक होती, कोण उपाशी, कोण नापास, कोण घरी परत जायचं म्हणतोय हे ठाऊक होतं, म्हणून आठवडाभर शिस्त टिकली. आणि खालच्या वस्तीशी दोर तुटला नव्हता, म्हणून डबा आला.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुढं लागेल. तिथल्या काळ्या पोरांनी १९६६ साली आपल्या जुन्या मंडळाचं नाव बदलून ब्लॅक स्टुडंट्स युनियन केलं. अशा नावाची ती पहिली. ६ नोव्हेंबर १९६८ ला त्यांनी संप पुकारला. जॉर्ज मरे नावाचा इंग्रजी शिकवणारा काळा शिक्षक, जो पँथरही होता, त्याला निलंबित केलं होतं. युनियनच्या मागण्या १०. मेक्सिकन, फिलिपिनो, चिनी अशा बाकीच्या पोरांनी आघाडी केली होती, त्यांच्या ५. मिळून १५ मागण्यांवर संप मार्च १९६९ पर्यंत, साडेचार महिने चालला. कॉलेजचा हंगामी अध्यक्ष हायाकावा हा शब्दार्थशास्त्राचा नावाजलेला पंडित. संवाद कसा करावा यावर पुस्तकं लिहिणारा. त्यानं काय केलं, तर पोरांच्या गाडीवर चढून भोंग्याच्या वायरी उपटल्या! पुढं तो अमेरिकेचा सिनेटर झाला. पंडितांचं हे असं असतं, सगळीकडे. पण संप संपला तेव्हा काळ्यांचा आणि इतर दबलेल्यांचा इतिहास शिकवणारं स्वतंत्र विद्यालय त्या कॉलेजात आलं, त्या देशातलं पहिलं. मरेला नोकरी परत मिळाली नाही, तीही गोष्ट लपवायची नाही.

आता बोर्डी.

मुंबईची माणसं बोर्डीला समुद्र बघायला येतात. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, इराणी-पारशांची घरं, शांत किनारा. येतात, फोटो काढतात, चिकू घेतात, जातात. वाडीत चिकू कोण उतरवतं, ते फोटोत येत नाही. वारली उतरवतो. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात आदिवासीच बहुसंख्य, आणि बहुसंख्य असून दुसऱ्याच्या वाडीत. बोर्डीची हायस्कूल १९२० सालची, शंभरी उलटलेली. गावात सायन्स कॉलेजही आहे. म्हणजे शिक्षण इथं आलं नाही असं कुणी म्हणू नये. ते आलं, खूप आधी आलं. ते कुणाच्या अंगणापर्यंत गेलं, हा सवाल.

एक वर्ष घ्या, १९४५. त्या मे महिन्यात, इथून फार लांब नसलेल्या झरी गावात वारली जमले. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. त्याच जानेवारीत काही वारली टिटवाळ्याला किसान सभेच्या परिषदेला जाऊन आले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे होते. झरीत ठरलं, सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. ते लग्नगडी सुटले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली मेले. गोदूताईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलंय. वाचलं नसेल तर वाचा. त्या आपल्या पक्षाच्या नव्हत्या म्हणून पुस्तक बाजूला ठेवण्याइतके आपण श्रीमंत नाही.

त्याच १९४५ च्या ८ जुलैला मुंबईत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचं मिलिंद.

आणि त्याच १९४५ मध्ये, याच बोर्डीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी काढली, तर वाड्या-पाड्यांवरची, गावकुसाबाहेरची पोरं येईनात. का येतील? आई मजुरीला, धाकटं भावंड काखेत, अंगावर धड कपडा नाही, आणि शाळा दुसऱ्यांच्या आळीत. तेव्हा या बायांनी सरकारी माणसासारखं ‘यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही’ असं म्हटलं नाही. शाळा उचलली आणि पोरांच्या अंगणात नेऊन मांडली. त्याचं नाव अंगणवाडी. पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ साली सरकारनं देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द गावोगाव गेला. पांढरपेशा बायांनी काढलं म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आहेत. खुशाल मुरडा. पण पोरगं येत नाही तर आपण जायचं, एवढी अक्कल आपल्या किती विद्यार्थी संघटनांना आहे, तेही सांगा.

झरी, मुंबई, बोर्डी. एकाच वर्षातल्या तीन गोष्टी. आणि गंमत अशी, की या तिघांची एकमेकांशी ओळखच झाली नाही. आपल्या पुस्तकांत झरी नाही. लाल पुस्तकांत पीपल्स एज्युकेशन सोसायटी नाही. शिक्षणवाल्यांच्या पुस्तकांत अंगणवाडी आहे, पण वेठ एका ओळीत उरकलेली. ही फाटाफूट पुस्तकात राहिली असती तर चाललं असतं. ती आज कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलीय.

इथल्या पोराचा रस्ता बघा. पाड्यावरून आश्रमशाळा. घरी वारली बोलतो, शाळेत मराठी, बाजारात गुजरातीही ऐकतो. बारावी झाला की मुंबईचं कॉलेज, तिथं सगळं इंग्रजी. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, पण बोर्डीच्या पोराला आधी डहाणू गाठायचं, मग पुढचे अडीच-तीन तास. रोज जाणं-येणं जमणारं नाही, म्हणजे वसतिगृह पाहिजे. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज वेगळा, जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, आधारला जोडलेला मोबाईल. मोबाईल मामाचा, मामा गुजरातेत कंपनीत. ओटीपी मामाला जातो. हसू नका. एका ओटीपीसाठी वर्ष गेलेली पोरं मी इथं बघितलीत.

मी स्वतः मुंबईच्या ज्या कॉलेजात होतो, त्याचं नाव लिहीत नाही. तिथं फीच्या खिडकीवरचा बाबू सगळ्यांदेखत ओरडायचा, ‘स्कॉलरशिपवाले बाजूला व्हा!’ आम्ही बाजूला व्हायचो. बाजूला झाल्यावर आजूबाजूला बघायचो, तेव्हा कळायचं आपल्यातले कोण कोण आहेत. आमची पहिली ओळखपरेड ती. संघटनेनं घडवून आणायला हवी होती, ती त्या बाबूनं घडवून आणली.

शिष्यवृत्ती म्हणजे कुणाच्या बापाची भीक नव्हे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, त्यांच्या रेट्यानं. पण पैसा उशिरा येतो, आणि संस्था म्हणते आधी भरा, मग मिळेल तेव्हा मिळेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत याच मुद्द्यावर संप झाला. शिष्यवृत्तीच्या पोरांना वसतिगृह आणि खाणावळीच्या फीत असलेली सवलत काढून घेतली होती. पोरांनी वर्ग बंद पाडले, फाटकावर बसली, संस्थेच्या दुसऱ्या शहरांतल्या शाखांतही बसली. त्याच साली आदिवासी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचा सरकारी निर्णय आला. जुलैत आदिवासी पोरं पुण्याहून नाशिकच्या दिशेनं पायी निघाली. सरकारला वाटतं, पैसे टाकले की पोट भरतं. पैसे तीन महिन्यांनी येतात, भूक रोज येते.

आता सांगा, हे दोन लढे एकाच वर्षी, एकाच पोटासाठी झाले. देवनारच्या पोरांचं एखादं पथक त्या पायी मोर्चात चालताना तुम्हाला दिसलं? मला दिसलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या १० आणि ५ मागण्या मी उगाच सांगितल्या नाहीत.

आणि जेवणाचं ताट मिळालं तरी ते कुठं बसून खायचं, हा पुढचा प्रश्न. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खाणावळीत काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी ठरवली. विरोध म्हणून तिथं बसून मांसाहार केला, तर एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड! १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांच्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले होते. त्यांना कुणी वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग शेकड्यांनी आले, दोन-अडीच महिन्यांत एला बेकर या बाईनं त्या सगळ्या पोरांना एकत्र आणून त्यांची स्वतःची संघटना उभी करायला लावली. चवदार तळ्याला जे १९२७ साली झालं, तेच ग्रीन्सबरोच्या टेबलावर झालं. टेबल म्हणजे लाकूड नव्हे, हे त्यांना कळलं होतं आणि आपल्यालाही कळतं. पवईत हा प्रश्न उठवणारा आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे. त्या पोरांना या अंकातून सलाम. पण एका स्टडी सर्कलनं किती वाहायचं?

रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६. हैदराबादच्या विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन १९९३ पासून आहे, रोहित तिच्यातला. पाच जणांना वसतिगृहातून काढलं, त्यांनी आवारातच उघड्यावर बिऱ्हाड मांडलं आणि त्याला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरचा आपला वाडा. पायल तडवी. २२ मे २०१९. जळगावकडची तडवी भिल्ल पोरगी, डॉक्टर झालेली, नायर हॉस्पिटलात पुढचं शिकत होती. जातीवरून छळल्याच्या आरोपावरून तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरणींना अटक झाली. दर्शन सोळंकी. १२ फेब्रुवारी २०२३. पवई. वय अठरा, पहिलंच वर्ष. आयआयटीच्या चौकशी समितीनं अभ्यासातल्या अपयशाकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी संस्थेनं सूचना काढल्या की कुणी कुणाची प्रवेश परीक्षेतली रँक विचारू नये, जात कळेल असं काही विचारू नये. म्हणजे विचारत होते, हे तरी कागदावर आलं.

ही नावं मी घोषणेसाठी लिहीत नाही. या नावांचे आपण फ्लेक्स फार छापले. रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली भेदभाव रोखायचे नियम केले होते, ते अमलात तर आणा, एवढं त्यांचं मागणं. आयांना कोर्टात जावं लागलं, कारण पोरांच्या आसपास वेळेवर कुणी नव्हतं.

यावर लगेच उत्तर मिळतं, ‘कॉलेजात एससी-एसटी सेल आहे की!’ सेल पाहिजेच. नसेल तर भांडून घ्या. पण सेल प्रशासनाचा. त्याचा प्रमुख प्रशासन नेमतं, त्याची सभा प्रशासन बोलावतं, आणि तक्रार प्रशासनाविरुद्ध असली तर फाईल फिरून त्याच टेबलावर येते. पहिल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता पोरगं खोलीत एकटं बसलंय, उद्याच्या इंग्रजी व्याख्यानातलं एक अक्षर कळणार नाही म्हणून घरी जायची पिशवी भरतंय, तेव्हा सेलचं दार बंद असतं. तिथं शेजारच्या खोलीतला आपला माणूस पाहिजे.

आणि आपल्याकडे हे कधी नव्हतंच असंही नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली उभं केलं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ ला सोलापुरात वसतिगृह काढलं. सभा-ठरावांच्या बरोबरीनं वसतिगृह, हा क्रम बघा. औरंगाबादच्या नागसेनवनात खेड्यातली पोरं आली, राहिली, जेवली, लिहायला लागली. पँथरच्या सुरुवातीच्या दिवसांत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा अड्डा होता. व्यासपीठ नंतर आलं, आधी खोल्या होत्या, एका खाटेवर तिघं झोपत होते आणि रात्रभर भांडत होते. आपण व्यासपीठ ठेवलं आणि खोल्या सोडल्या.

आज कॉलेजातली आपली संघटना वर्षातून किती दिवस दिसते? १४ एप्रिल, ६ डिसेंबर, आणि निवडणूक असेल तर तेव्हा. डीजेला पैसे जमतात, झेरॉक्सला जमत नाहीत. एका कॉलेजात तीन गट, तिघांचे तीन बॅनर, आणि तिन्ही बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा कार्यकर्त्याचा फोटो मोठा. पोरी सभेत चहा वाटायला. वाचून राग येत असेल तर येऊ द्या. पत्र लिहा, पुढच्या अंकात छापतो, शिव्यांसकट.

पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण, याची व्याख्या होती. अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. जमाती हा शब्द तिथं छापलेला आहे. मग मुंबईच्या कॉलेजात तलासरीचा वारली पोरगा आला की त्याला आपल्या संघटनेत काय मिळतं? वर्गणीची पावती. तो जोहार म्हणतो, आपण जयभीम म्हणून त्याला दुरुस्त करतो. काही आदिवासी पोरं आता तोंडावर सांगतात, आम्ही दलित नाही, तुमच्या व्याख्येत आम्हाला धरू नका. बरोबर आहे त्यांचं. व्याख्येत धरलं आणि पंगतीत विसरलो, तर ते दुसरं काय बोलणार? त्यांनी आपली संघटना वेगळी काढावी. काढतातही. हॅमिल्टन हॉलमध्येही एका रात्री वेगळं व्हावं लागलं होतं. वेगळी इमारत धरा, पण डबा एकत्र येऊ द्या.

जाता जाता आणखी एक. पश्चिम रेल्वेच्या याच रस्त्यावर मीरा रोड, नालासोपाऱ्याला आफ्रिकेतली माणसं राहतात, त्यांना भाड्यानं खोली मिळत नाही, आणि त्यांना काय काय नावांनी हाका मारतात ते मी लोकलच्या डब्यात ऐकलंय. हाका मारणाऱ्यांत आपल्या वस्तीतली पोरंही होती. भिंतीवर माल्कम एक्सचं पोस्टर आणि तोंडात ‘हबशी’. हा अंक त्यांनी आधी वाचावा.

तर आता कामाचं. बारावीचा निकाल लागला की पुढच्या पहिल्या रविवारपासून आम्ही चौघं बोर्डीत बसणार, नंतरच्या रविवारी तलासरीला. ज्याला कॉलेजचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय, त्याच्याबरोबर बसून तो भरायचा. आमच्यात वारली बोलणारा एकच आहे, आणखी दोघं पाहिजेत, त्यातली एक पोरगी पाहिजे. पोरी आमच्यासमोर उत्पन्नाचा दाखलासुद्धा पिशवीतून काढत नाहीत, बाईसमोर काढतील. मुंबईच्या प्रत्येक कॉलेजातून निदान एक जण पाहिजे, जो आम्ही पाठवलेल्या पोराला पहिल्या दिवशी स्टेशनवर भेटेल, खिडकीपर्यंत बरोबर जाईल, आणि पहिले पंधरा दिवस रोज एकदा त्याच्या खोलीत डोकावेल. भाषण करायचं नाही. जेवलास का, विचारायचं. व्याख्यानाच्या वह्या मराठीतून समजावून सांगेल असा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी प्रत्येक विषयाला एक लागेल.

कुठल्या गटाचे आहात ते आम्ही विचारणार नाही. नाव, कॉलेज, विषय आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन उचलाल, एवढं कळवा. बोर्डीला येणाऱ्यांनी डहाणूहून सकाळची एसटी धरावी, राहायची सोय आहे, जेवण भात-सुकट. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं, तेव्हा येताना कोरे कागद, स्टेपलर आणि चार्ज केलेला फोन आणा.